आपाचं ‘नको’

१७ नोव्हेंबर

अनारकुल एजे,

थोरली बहीण असून तू माझा नंबर बंद केलास, म्हणून कागद. कुर्बानची बस बुधवारी रशियाकडे निघते. त्याच्याकडे कुरुतची पिशवी देतेय. पिशवी तू ठेवून घेशील आणि पाकीट फेकून देशील हे मला ठाऊक आहे, म्हणून पाकीट पिशवीच्या तळाशी घातलंय. कुरुतचे ते खारट दह्याचे गोळे खात खात पाकिटापर्यंत पोचशील.

आपाला झटका आला. आई आहे ती आपली, म्हणून कळवते. उजवा हात, उजवा पाय गेला. तोंड एका बाजूला ओढलंय. जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवली होती, मग त्यांनी घरी न्यायला सांगितलं. घरी म्हणजे माझ्या घरी. आता तिकडे बसून कपाळाला आठ्या घालू नकोस. दुसरं घर असेल तर सांग. तिच्या घराची चूल तू गेल्यापासून नीट पेटत नाही. तुझ्या घराला कुलूप आहे. सादिर मामा खिंडीच्या पलीकडे, आणि मामीला पाहुणा दोन जेवणांपलीकडे सोसत नाही. राहिलं कोण? जिला तुम्ही सगळ्यांनी मिळून मेली असं समजून सोडलं होतं, ती.

माझा बाप्तिस्मा झाल्यापासून आपानं माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नव्हता. मी प्यायलेला वाडगा तिनं अंगणात आपटून फोडला, तेव्हा तू तिथेच होतीस. आता तीच आपा माझ्या हातच्या चमच्यानं जेवते. मनाविरुद्ध जेवते. डोळे मिटून घेते, म्हणजे चमचा कोणाच्या हातात आहे ते दिसायला नको.

माझं म्हणशील तर मी ठीक आहे. ख्रिस्तानं मला भरपूर बळ दिलंय. काळजी नसावी.

चिनारा


९ डिसेंबर

एजे,

कुर्बान म्हणाला की पिशवी तू स्वतः येऊन घेतलीस, काही बोलली नाहीस, आणि त्याला चहाही विचारला नाहीस. म्हणजे तब्येत उत्तम आहे.

आपाचे सगळे शब्द गेले, एक सोडून. ‘नको’. डॉक्टर म्हणाले असं होतं, एखादा शब्द डोक्यात अडकून राहतो. कोणाचं देवाचं नाव राहतं, कोणाची शिवी. आपल्या आईचा ‘नको’ राहिला. चहा देऊ का? नको, आणि तोंड उघडते. खिडकी लावू का? नको, आणि थंडीनं कुडकुडते. कूस बदलू का? नको. आणि नाही बदलली तर तासाभरानं त्याच ‘नको’नं घर डोक्यावर घेते. मी दिवसभर त्या एका शब्दाचे अर्थ लावत बसते. ओढून बोललेला ‘नको’ म्हणजे लघवी. तुटक ‘नको’ म्हणजे उशी. नाकातला ‘नको’ म्हणजे मी. त्याला उपाय नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं आली होती. झिना मावशी तुला आठवत असेल, दवाखान्यात आया होती ती रशियन बाई. मक्सातचा ट्रक तळ्याच्या बर्फाखाली गेला आणि मी विधवा झाले त्या वर्षी, चाळीस दिवसांचं जेवण उरकून सगळं गाव आपापल्या घरी गेल्यावर, दर गुरुवारी ती माझ्याकडे येऊन बसायची. मोजे विणायची आणि एक अक्षर बोलायची नाही. ती बोलायची नाही म्हणूनच मी त्यांच्यात गेले, एजे. तुम्हाला वाटतं मला कोणी भुलवलं. मला कोणीही काहीही पटवायला आलं नाही, याचंच मला अप्रूप होतं.

आता मात्र ती फार बोलते. परवा आपाच्या उशाशी बसून म्हणाली, “देवानं तुला सेवेची केवढी संधी दिली, चिनारा.” मी म्हटलं, “मावशी, ही संधी आज रात्रीपुरती तुम्ही घ्या, मी जरा झोपते.” ती हसली. तिला ती गंमत वाटली. मग त्यांनी भजन म्हटलं आणि आपा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘नको, नको’ करत राहिली, तेही चालीत. पाळक एमिल गंभीर चेहऱ्यानं प्रार्थना संपवून गाडीत जाऊन बसला. तिथे त्याचे खांदे हलत होते ते मी खिडकीतून पाहिलं.

आणि हो, मागच्या वेळी बळाचं लिहिलं ते खोटं होतं. मी बळ मागितलं आणि मला कंबरदुखी मिळाली. गेला महिनाभर माझी प्रार्थना होत नाही. हात जोडले की डुलकी लागते, आणि डुलकी लागली नाही तर राग येतो. मंडळीत हे सांगता येत नाही. तिथे सगळ्यांना माझ्या चेहऱ्यावर तेज बघायचं असतं. गावात सांगावं तर म्हणतील, बघ, गेलीस ना त्यांच्यात, भोग. तुला सांगते, कारण तू उत्तर देत नाहीस.

चिनारा


२ जानेवारी

एजे,

चार दिवस घरात नुसता गोंधळ होता. आपा डाव्या हातानं तांब्याच्या चंबूकडे बोट दाखवायची आणि ‘नको, नको’ म्हणून ओरडायची. मी चंबू आणला. तिनं तो लोटून दिला. मला वाटलं चहा हवा. चहा केला, तो सांडला. वाटलं भांडं हवं. भांडं दिलं, तर लहानपणी मी कोकरू हरवून आले होते तेव्हा बघितलं होतं तशा नजरेनं बघितलं. मग रडायला लागली. झटका आल्यापासून ती रडली नव्हती. मीही चुलीजवळ बसून रडले. राग इतका आला होता की चंबू उचलून बाहेर बर्फात टाकला.

बाहेर टाकला आणि मशिदीची दुपारची बांग ऐकू आली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

तिला वुजू करायची होती, नमाजाआधी हातपाय धुवायचे होते. आपाची नमाज कधी चुकली होती का, आठव. बाबांना पुरून आलेल्या दिवशीसुद्धा नाही. आणि इथे ती दीड महिना तशीच पडून होती, कारण तिच्या डाव्या हाताला सगळं जमत नव्हतं आणि उशाशी बसलेली पोरगी येशूची होती.

मी चंबू शोधून आणला. पाणी कोमट केलं. मग मी तिथेच थांबले. मला माहीत नव्हतं मी हे करावं की नाही. माझ्या माणसांना काय वाटेल, तुम्हाला काय वाटेल, आणि ज्याच्यावर मी विश्वास ठेवते त्याला काय वाटेल. आपा बघत होती. शेवटी पाणी निवायला लागलं म्हणून मी सुरुवात केली. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, मग ओला हात केसांवरून. लहानपणी तिनंच आपल्या दोघींना शिकवलं होतं, हात विसरले नव्हते. शेवटी पाय.

एजे, तिच्या टाचा तू बघितल्यास का कधी? भेगांत काळी माती इतकी मुरली आहे की साबणानं निघत नाही. सगळी कुरणं त्या टाचांनी तुडवली आहेत. मी तो मेलेला उजवा पाय मांडीवर घेतला आणि तो इतका जड होता की माझी कंबर पुन्हा धरली. आणि मला ते आठवलं. धरून न्यायला माणसं आली त्याच्या आदल्या जेवणाला येशू उठला, कमरेला पंचा गुंडाळला आणि सोबत्यांचे पाय धुतले. जो त्याला विकणार होता त्याचेही धुतले. हे मी किती वेळा वाचलंय, मंडळीत ऐकलंय, त्यावर मान डोलावलीय. पण पाणी गरम होतं की गार, त्याची कंबर दुखत होती का, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. मला वाटतं दुखत असणार. दिवसभर चाललेला माणूस होता.

मग पलंग सरकवून तिचं तोंड मक्केकडे केलं. सरकवताना पलंगाचा पाय माझ्या अंगठ्यावर आला, तेव्हा मी जे बोलले ते लिहीत नाही. तिचा उजवा हात वर राहत नव्हता, म्हणून मनगटाला धरून मीच वर धरला. तिचे ओठ हलत होते. एक अक्षर बाहेर येत नव्हतं, पण ती आत सगळं म्हणत होती, मला दिसत होतं. ‘नको’ एकदाही नाही.

मला काही करायचं नव्हतं, नुसता हात धरून बसायचं होतं. गेल्या दीड महिन्यात एवढा वेळ मी एका जागी बसले नव्हते. आणि तिथे, आपाच्या नमाजात, माझी प्रार्थना आली. फार काही नाही. ‘मला पण धर,’ एवढंच म्हणाले. डुलकी लागली नाही. रागही आला नाही. म्हणजे नंतर आला, पलंग परत सरकवताना.

चिनारा


२६ जानेवारी

अनारकुल,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, कुर्बानच्या तोंडून एक वाक्य: ‘तिला सांग, आपाला मरायच्या आधी ख्रिश्चन करण्यासाठी तिनं घरात नेलं हे मला कळलंय.’ बिचारा कुर्बान, बर्फात टोपी हातात घेऊन उभा. वाक्य सांगून झाल्यावर म्हणाला, “मी फक्त आणलं, हं.”

तुला हे कालिमानं सांगितलं. माझ्या कुंपणापलीकडच्या त्याच कालिमानं, जिनं आमची मंडळी गाडीतून उतरताना बघितली. ती कधी आत आली नाही. आली असती तर तिच्या हातात चादरीचं एक टोक दिलं असतं.

तुला वाटतं माझ्या अंगात एवढी ताकद उरते? सकाळी कपडे धुते, मग शाळेच्या स्वयंपाकघरात जाते, दोनशे पोरांचं सूप ढवळते, धावत येते, तिला वळवते, धुते, भरवते, वुजू करवते. त्यातून वेळ काढून मी तिचा धर्म कधी बदलू? तिला तर उशीसुद्धा बदललेली चालत नाही.

आणि दुसऱ्या बाजूनंही ऐकून घे. झिना मावशीनं मला आपाचा हात धरून बसलेली बघितलं. बाहेर ओसरीवर नेऊन म्हणाली की हे बरं नाही, दुसऱ्याच्या उपासनेला हात लावणं म्हणजे आपल्या देवाशी दगा. मी म्हटलं, मग तिचा हात खाली पडू देऊ? तिचा चेहरा तसाच राहिला. आम्ही पाळक एमिलकडे गेलो. त्यानं बराच वेळ मान खाजवली आणि म्हणाला, “मी घरी जाऊन वाचतो.” अजून वाचतोच आहे.

म्हणजे तुम्ही म्हणता मी तिला ख्रिश्चन करतेय, ते म्हणतात मी मुसलमान होतेय, आणि आपा म्हणते ‘नको’. मी कोणाकोणाला समजावू? मी आता समजावत नाही. पाणी तापवते.

तू सादिर मामांना तिला न्यायला पाठवते आहेस असंही कळलं. पाठव. खिंडीत बर्फ कमरेएवढा आहे, आपाला बसायला येत नाही, पण पाठव.

चिनारा


१५ फेब्रुवारी

एजे,

मामा आले. जीपमध्ये गादी टाकून, बरोबर दोन धडधाकट माणसं घेऊन आले. दार न ठोठावता आत शिरले, कारण पापी घराचं दार ठोठावायचं नसतं असं त्यांना वाटलं असावं. दुपारची वेळ होती. मी पलंगावर आपाच्या पाठीशी बसून तिचा हात वर धरला होता आणि ती नमाजात होती.

मामा तिथेच थांबले. बरोबरच्या माणसांना त्यांनी हातानं मागे सारलं. नमाज संपेपर्यंत तिघंही बूट न काढता दाराशी उभे, आणि बुटांचा बर्फ वितळून माझ्या धुतलेल्या जमिनीवर ओघळ. मला उठता येत नव्हतं, नाहीतर बोलले असते.

मग मामा आपाच्या समोर गुडघ्यांवर बसले. म्हणाले, “बतिमा, मी तुला माझ्या घरी न्यायला आलोय. येतेस?”

“नको,” आपा म्हणाली.

मामांनी माझ्याकडे बघितलं. एजे, मला गप्प बसता आलं असतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. पण मी आत्ताच त्या बाईचे पाय धुतले होते. मी म्हणाले, “मामा, ती सगळ्यालाच नको म्हणते.”

“मग इथे राहतेस?” मामांनी विचारलं.

“नको.”

दोघांतला एक जण हसू दाबायला बाहेर गेला. मामांनी फर टोपी काढून डोकं खाजवलं. तेवढ्यात आपाचा ओढून बोललेला ‘नको’ आला आणि मी तिघांनाही बाहेर काढलं.

मामा दोन दिवस राहिले, खिंड बंद झाली म्हणून. पहिल्या दिवशी मला शिकवत होते की म्हाताऱ्या माणसाला असं वळवतात. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, वळवा. त्यांनी वळवली, आणि मग चुलीशी बसून राहिले. जाताना गादी इथेच ठेवून गेले. जीपमध्ये बसता बसता म्हणाले की अनारकुलला मी सांगतो. काय सांगणार ते सांगितलं नाही. मला वाटतं मामांना आपाला नेण्याचा मान हवा होता, बाकीचं नको होतं. पण गादी जाड आहे. आपाच्या पाठीवरची लाली कमी झाली. म्हणून मी मामांबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

ती थकत चाललीय. चमच्यानं दिलेलं अर्धं बाहेर येतं. तिकडे राहण्याचे तुझे कागद अजून झाले नसतील, बाहेर पडलीस तर परत आत घेणार नाहीत, हे सगळं मला कळतं. तरी लिहिते: ये.

चिनारा


२६ मार्च

एजे,

तुला मामांनी कळवलंच. पण तू तिथे नव्हतीस, आणि मी होते, तर मी सांगते.

शेवटच्या आठवड्यात पाणी नुसतं बोटांनी लावायचे. ओठ हलायचे, कधी अर्ध्यात झोप लागायची. त्या मंगळवारी दुपारी नमाज झाल्यावर तिनं नेहमीप्रमाणे डावा हात आपल्या चेहऱ्यावरून फिरवला, आमीन म्हणताना फिरवतो तसा. मग तो हात खाली आला नाही. हवेत राहिला. मला वाटलं तिला काहीतरी हवंय, म्हणून मी वाकले. तिनं तोच ओला हात माझ्या चेहऱ्यावरून फिरवला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. आणि म्हणाली, “नको.”

त्या ‘नको’चा अर्थ मला लावता आला नाही. मला सगळे ‘नको’ येत होते. हा नवा होता. तासाभरात ती गेली. मी तिची कूस बदलत होते, आणि बदलून झाली तेव्हा ती नव्हती.

मग सगळं आपल्या हातातून गेलं. अंगणात युर्त, लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू, उभा राहिला, कढया आल्या, कालिमा आली आणि माझ्या घरात माझ्यापेक्षा जास्त माझ्यासारखी वावरू लागली. मौलवीनं निरोप पाठवला की मयताला आंघोळ धर्मातल्याच बायका घालतील, तू नको. आमच्या घरात ‘नको’ म्हणणारी गेली होती, शब्द मागे राहिला होता. मी इतके महिने त्या अंगाचा प्रत्येक इंच धुतला होता आणि शेवटच्या पाण्याला मी भिंतीच्या या बाजूला. मी कढईखाली लाकडं सारत उभी राहिले. एजे, मी देवाला त्या वेळी जे म्हणाले ते कोणाही पाळकानं ऐकलं तर मला मंडळीतून काढतील. आणि तरी सांगते, मी त्यालाच म्हणाले. दुसऱ्या कोणाला म्हणावंसं वाटलं नाही. ते सगळं ऐकून घेणारा तिथे कोणीतरी आहे याची मला शंका आली नाही. नोव्हेंबरमध्ये मी चांगल्या चांगल्या शब्दांत बळ मागत होते आणि ऐकणारं कोणी नव्हतं. आता मी शिव्या देत होते आणि तो तिथे उभा होता, माझ्याइतकाच बाहेर काढलेला.

रडायला बसायची वेळ आली तेव्हा बायकांत कुजबुज सुरू झाली. मुलीनं युर्तमध्ये बसून विलाप म्हणायचा, पण ही मुलगी चालेल का? एक म्हणे थोरली येईपर्यंत थांबा. थोरली कुठून येणार? तेवढ्यात मामा खिंडीतून पोचले. बूटही न झटकता मौलवीसमोर उभे राहिले.

“हिनं बतिमाची एक नमाज चुकू दिली नाही,” ते म्हणाले. “मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ही बसेल.”

मौलवी वाईट माणूस नाही. म्हातारा आहे, घाबरतो. जमिनीकडे बघत म्हणाला, “दाराजवळ बसू द्या.”

म्हणून मी दाराजवळ बसले, जिथे सगळा वारा येतो. भिंतीकडे तोंड केलं. आणि माझ्या तोंडून काही फुटेना. मंडळीतली गाणी आठवत होती, ती इथली नव्हती. मग कुठून आलं माहीत नाही, आजी रडायची ती चाल आली.

*डोंगर उतरून कळप आला,*
*दाराशी हाक कोण देईल?*
*धाकटीची वेणी सुटली,*
*सांग, आता कोण घालेल?*

पुढची ओळ मला येईना. धाकटीनंतर थोरलीनं धरायचं असतं, आणि थोरली नव्हती. मी तिथे अडकले. आणि नमद्याच्या भिंतीपलीकडून, माझ्या कानाला लागून, तुझा आवाज आला.

*थोरली तुझी वाटेत अडली,*
*तोंड तुझं कोण दाखवील?*

मामांनी तुला फोन लावून तो बाहेरून भिंतीला टेकवून धरला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं. मागे कुठेतरी तुझ्या कामावरच्या मासळीच्या पेट्यांचा खडखडाट चालू होता, कोणी रशियनमध्ये तुझ्यावर ओरडत होतं, आणि तू रडत होतीस. मग मी म्हटलं, मग तू म्हटलंस. किती वेळ, मला माहीत नाही. नंतर बायका म्हणाल्या की असा विलाप या गावात खूप वर्षांत झाला नाही. कालिमा मला मिठी मारून रडली. मी मारू दिली.

झिना मावशीही आली होती. आत बोलावलं नाही कोणी, तर ती बाहेर चिखलात बादली उलटी घालून बटाटे सोलत बसली, पूर्वीसारखी, एक अक्षर न बोलता. सालं फार जाड काढली. पण सगळे सोलले.

चिनारा


२८ एप्रिल

एजे,

महिना झाला. गाण्यात रडलीस, आणि आता पुन्हा गप्प. तुझ्या गप्प बसण्याला काय म्हणावं मला कळत नाही. आपाचा निदान एक शब्द तरी होता.

चाळीस दिवसांचं जेवण परवा आहे. घोडी कापायची की मेंढ्या यावर मामांचं आणि बाकीच्यांचं भांडण चालू आहे, त्यात मला कोणी विचारत नाही, ते बरंच आहे. आपाच्या दोन पांघरुणांपैकी निळं तुझ्यासाठी ठेवलंय. लाल मी घेतलं. तुला लालच हवं असणार, पण तू सांगितलं नाहीस.

गेल्या रविवारी मंडळीत पाळक एमिलनं मला उभं केलं. म्हणाला, चिनारानं दुःखात कसं बळ मिळवलं ते ती सांगेल. सगळे माझ्याकडे बघत होते, तेज शोधत. मी म्हणाले की मी जे जे मागितलं त्यातलं काही मिळालं नाही. आई उठली नाही, बहीण आली नाही, झोप मिळाली नाही, कंबर अजून दुखते. पण रोज सकाळी, उठायचं की नाही हे मी ठरवायच्या आत, मी उठलेली असायचे. ते मी करत नव्हते. मी करत असते तर दुसऱ्याच आठवड्यात थांबले असते. एवढं बोलून मी खाली बसले. पाळकाला याहून बरं काहीतरी हवं होतं. झिना मावशीनं मात्र माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि सभा संपल्यावर विचारलं की तो हात कसा धरायचीस, मनगटाला की कोपराला. मी दाखवलं.

आता खरी बातमी. महिनाभर माझी पाठ जरा सरळ होत होती. काल रात्री लवकर झोपले, सकाळी उशिरा उठले, बायबल उघडून दोन पानं वाचली आणि चहा गरम असताना प्यायले. म्हटलं, आता जरा माणसासारखं जगू. एवढ्यात मामांचा फोन. मामी गोठ्याच्या पायरीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी पाठवलंय. मामांना तिला वळवता येत नाही, ती ओरडते, ते घाबरतात. बराच वेळ त्यांनी हवापाणी, मेंढ्या, रस्ता हे सगळं विचारलं, आणि शेवटी म्हणाले, “तू काही दिवस येशील का?”

ही तीच मामी. जिनं आपाला ठेवून घेतलं नसतं. मी गेले तर जी माझा वाडगा वेगळा ठेवायची आणि नंतर राखेनं घासायची.

फोन ठेवून मी छताकडे बघितलं आणि विचारलं की तुझ्याकडे या खोऱ्यात दुसऱ्या कोणाचा पत्ता नाही का. मी कपडे भरले. शाळेत सांगून आले. चाळीस दिवसांचं जेवण झालं की मामांच्याच जीपमधून निघते. बाकीचं जे काही देवाला ऐकवायचं आहे ते वाटेत ऐकवीन. खिंड लांब आहे.

आणि एक. मामांना तू दर शुक्रवारी फोन करतेस, हे मला कळलंय. मामांचे हात आता मामीच्या खाली असणार. फोन मीच उचलणार आहे. माझा आवाज ऐकून फोन ठेवायचा असेल तर खुशाल ठेव, पण त्याच्या आधी तुला ‘हॅलो’ तरी म्हणावं लागेल.

तुझी धाकटी,
चिनारा